नवस नको, थोडं ऐकून घ्या

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय निघाला की आई रडते आणि बाबांची रेंज जाते, म्हणून लिहून पाठवते आहे. दोघांनीही वाचा.

पाळणा हलत नाही म्हणून नवस बोलून झाले, निखिलच्या तपासणीचंही सुचवून झालं. दोष त्याच्यात नाही, माझ्या बीजांडकोशातही नाही. आमचा शरीरसंबंधच होऊ शकलेला नाही. मला असह्य दुखतं, नंतर लघवी करतानाही आग होते.

एका डॉक्टरांनी ‘जरा मोकळं राहा, फिरून या’ म्हणून वाटेला लावलं. दुसऱ्या बाईंनी मात्र नीट विचारलं: तोंडाशीच दुखतं की आत खोल? पाळीत किती दुखतं? खोल दुखत असेल तर एंडोमेट्रिओसिस आहे का ते बघतात. त्यात गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो. माझं तोंडाशीच दुखतं. याला व्हजायनिस्मस म्हणतात. डोळ्यापाशी बोट नेलं की पापणी मिटते, तसे योनीभोवतीचे स्नायू आपोआप आवळले जातात. ‘हिला संसाराची आवडच नाही’ असं आत्या म्हणाली होती ना, तिला हे सांगा. नाहीतर राहू दे, नका सांगू.

आता फिजिओथेरपी चालू आहे. आधी श्वास सोडताना ते स्नायू सैल सोडायला शिकायचं. मग जेल लावून सगळ्यात बारीक डायलेटर (योनीत हळूहळू सरकवायचा गुळगुळीत दांडा), करंगळीएवढा. तो त्रासाशिवाय जायला लागला की पुढच्या मापाचा. दुखलं की थांबायचं, दात-ओठ खाऊन रेटायचं नाही. मी खोलीत व्यायाम करते तेव्हा निखिल बाहेर कुकर लावतो. नेटाने केलं तर बहुतेकींना गुण येतो, असं बाई म्हणतात.

आई, ‘बाईच्या जातीला सोसावंच लागतं’ म्हणालीस, ते मला पटलं नाही. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होतं, तिथली त्वचा पातळ आणि कोरडी पडते, आग होते, सारखी लघवीला लागते. तू रात्री किती वेळा उठतेस ते मी पाहिलंय. यावर तिथे लावायचं क्रीम मिळतं. लाजू नकोस, डॉक्टरांना विचार.

बाबा, दिवाळीत काकू ‘गोड बातमी कधी?’ विचारणारच. तेव्हा तेवढा विषय तुम्ही बदला. क्रिकेटचं काहीही चालेल.

तुमची,
मनू