पडवळाला दगड बांधताना

आंजर्ले, ता. दापोली
18 ऑगस्ट 2025

प्रिय शुभा,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. रोज म्हणते आज लिहू, आणि रोज पाऊस नवं काम काढून ठेवतो. आज वीज नाही, पंप बंद, म्हणून बसले एकदाची.

भोरच्या जागेत चार खोल्या बांधायच्या आणि मागे भाजी लावायची, पाहुण्यांना घरचंच खायला घालायचं, हा तुझा बेत वाचला. बेत छान आहे. फक्त भाजी आणि पाहुणे एका वेळी येत नाहीत, एवढं धरून चाल.

आमच्याकडे भाजीला जागा नव्हतीच. सगळी वाडी नारळ-पोफळीची, खाली गर्द सावली. आई तिथे अळू, हळद आणि सुरण लावायच्या, बाकी काही नाही. मग 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. कौलं उडाली, निम्म्याहून जास्त पोफळी आडव्या झाल्या. आठवडाभर आम्ही नुसते बघत बसलो होतो. नंतर आईच म्हणाल्या, "ऊन आलंय, पडवळ घालू या." तेव्हापासून मांडव आहे. आता नव्या लावलेल्या पोफळी डोक्याच्या वर गेल्यात, मांडवाच्या एका बाजूला सावली यायला लागलीय. दोन-तीन वर्षांत भाजीला दुसरी जागा बघावी लागणार. तोवर तिथलं ऊन आमचं.

आज सकाळी पडवळांना दगड बांधले. कोवळं पडवळ टोकाशी वळायला लागलं की सुतळीने लिंबाएवढा दगड लटकवायचा, मग ते सरळ लांब होतं. दगड जड झाला तर देठच तुटतो. पहिल्या वर्षी माझे सहा तुटले. आई काही बोलल्या नाहीत, संध्याकाळी त्याच सहांची भाजी वाढली!

तर आत्ता मांडवाखाली बघ: पडवळ, शिराळी, काकड्या, भेंडी. पाहुण्यांना द्यायच्या आमच्या खोल्या मात्र चारही रिकाम्या. जून-जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, मासे खायला येणारा मुंबईकर त्या दिवसांत फिरकत नाही. आत्ता बोटी सुटल्या, तरी श्रावण आहेच. गर्दी येते डिसेंबरात आणि मे महिन्यात. डिसेंबरचं जमतं, कारण वांगी, मुळा, माठ तेव्हा भरात असतात. फेब्रुवारी-मार्चला कासवांची पिल्लं बघायला लोक येतात. ते भल्या पहाटे किनाऱ्यावर जातात आणि भुकेने वखवखून परततात, त्यांना घावणे आणि नारळाची चटणी दिली की झालं.

मे महिना मात्र परीक्षा बघतो. विहिरीत पाणी असतं, पण चौदा माणसांच्या आंघोळी आणि वाडीचं शिंपणं दोन्हीला पुरत नाही. त्यातून वानरं. दोन वर्षांपूर्वी मी फोनवर एका कुटुंबाला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "भाजी सगळी घरची." ते आले तेव्हा वाफे कोरडेठाक. दापोलीच्या बाजारातून घाटावरची कोबी-फ्लॉवर आणली. त्यांच्या आजींनी पंगतीत विचारलं, "ही तुमच्याच बागेतली का हो?" मी उत्तर जुळवतेय तोवर वाढणारी आमची काकू म्हणाली, "छे, कालच बाजारातून आणलीय." शुभा, मला भाताचं पातेलं डोक्यावर घेऊन पळावंसं वाटलं.

तेव्हापासून फोनवरच सांगते, मे महिन्यात पालेभाजी मिळणार नाही. फणसाची भाजी मिळेल, आमटीला कैरी, जेवणावर सोलकढी. मार्च-एप्रिलात येणार असाल तर ओल्या काजूगरांची उसळ. हे काजू सोलताना चीक बोटांना लागून कातडी सोलवटते, म्हणून हाताला आधी तेल चोपडावं लागतं. पाहुण्यांना हे ठाऊक नसतं, ते दुसऱ्यांदा मागतात, आणि मी वाढते!

पैशाचं विचारलंस. भाजीने खर्च वाचतो असं धरू नकोस. शेणखत, मांडवाचे बांबू, गड्याची मजुरी यांचा हिशोब घातला तर बाजारची भाजी स्वस्त पडते. पण एकदा येऊन गेलेली माणसं परत येतात ती माझ्या खोल्यांसाठी नव्हे, खोल्या बेताच्याच आहेत. तुझ्याकडे भोरला पाऊस आमच्याएवढा नाही, पण थंडी जास्त. मटार-गाजर तुझ्याकडे होईल, माझ्याकडे तितकं साधत नाही. आधी विहिरीचं मे महिन्यातलं पाणी बघ, मग खोल्यांची संख्या ठरव. चारच्या तीन कर, मी तर म्हणेन.

गणपतीत आम्ही खोल्या देत नाही, मुंबईहून घरचीच सतरा माणसं उतरतात. तू 28 तारखेला ये. ऋषिपंचमी आहे. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, परसातलंच खायचं, त्यामुळे आमच्या मांडवाला वर्षातला एकच दिवस खरा भाव येतो. अळू, पडवळ, सुरण, माठ, लाल भोपळा, सगळं एका पातेल्यात. आदल्या दिवशी आलीस तर हळदीच्या पानांवर पातोळे करू. पानं खुडायचं काम तुझं.

येताना गवारीचं बी आण, इथे चांगलं मिळत नाही.

तुझी,
माधवी