न विचारता वेळ घेतली

प्रिय आई आणि बाबा,

आई, आधी रागावून घे. तुला न विचारता, शिंकताना तुझी लघवी गळते त्यासाठी, मी मंगळवारची डॉक्टरांची वेळ घेतली आहे. बाबांनाही इथेच सांगतेय, कारण त्यांच्यापासून लपवण्यात तुझा फार जीव जातो.

मागच्या वेळी शिंक आली तशी तू ओट्याला धरून पायाची अढी घातलीस. नंतर दाराआड वाळत घातलेला परकर दिसला. तेव्हा बोलले नाही, पण झोपही लागली नाही.

तीन महिने तू लघवी रोखणाऱ्या स्नायूंचे व्यायाम नेटाने केलेस. पुरेसा गुण आला असता तर ऑपरेशनचं नावही काढलं नसतं. मूत्रमार्गाला खालून आधार द्यायला पट्टी घालतात. कृत्रिम जाळीची असली तर काम छोटं, पण जाळी पुढे टोचू शकते, दुखू शकते; ब्रिटनने २०१८ साली याच तक्रारींवरून तिच्या वापरावर कडक बंधनं घातली. आपल्याच पोटाच्या स्नायूवरच्या आवरणाची पट्टीही करतात. बाहेरचं काही नाही, मात्र पोटावर चीर येते आणि बरं व्हायला वेळ लागतो. टाके घालून मूत्राशयाची मान वर उचलतात, तोही मार्ग आहे. मूत्रमार्गाच्या भिंतीत भर घालणारं नुसतं इंजेक्शन सगळ्यात सोपं, पण गुण कमी, पुन्हा घ्यावं लागू शकतं. मला स्वतःच्या आवरणाची पट्टी बरी वाटते. अंग तुझं आहे, ठरवायचं तूच. नको म्हणालीस तरी मी रुसणार नाही.

नंतर थोडे दिवस लघवी अडली तर नळी ठेवतील, घाबरू नकोस. बाथरूमजवळची खोली तुझी, उशी तुझीच आणीन, रात्री मी शेजारी. लहानपणी माझी गादी ओली व्हायची, तेव्हा दिवा न लावता चादर बदलून मला कुशीत ओढायचीस. दादाला आजवर कळलेलं नाही.

आता ऐक. पाणी कमी पिऊ नकोस, लघवी दाट होऊन जास्त त्रास होतो. तीन दिवस किती प्यायलीस, कधी गळालं, वहीत लिही. बाबा, तिच्या रक्त पातळ करायच्या गोळ्यांची चिठ्ठी पिशवीत टाका, आणि ‘वयाने होतंच’ हे तिला म्हणू नका. ऑपरेशन झालं तर काही आठवडे तिने बादली उचलायची नाही. तुम्हीही नाही, तुमची पाठ मला माहीत आहे.

सोमवारी रात्री येतेय. जागत बसू नका, किल्ली माझ्याकडे आहे.

तुमची,
धाकटी