आण्णांच्या पायाला पट्टी बांधणाऱ्या सिस्टरांना

आदरणीय सिस्टर,

प्रभू येशूच्या नावाने सप्रेम सलाम.

हे पत्र चारचौघांना वाचता यावे असे उघड लिहितो आहे, आणि तसे लिहावे असा आग्रह खुद्द आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आहे. घरात जे घडले ते झाकून ठेवून आपले आभार मानले तर ते आभार अर्धेच राहतील, असे त्यांनी मला सांगितले. आपल्याला स्वतःचे कौतुक ऐकायला आवडत नाही हे मला माहीत आहे. तरीही एवढे पत्र आपण वाचावे, ही विनंती.

आमचे घराणे चार पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे. 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले धर्मोपदेशक नारायण शेषाद्री पुढे निजामाच्या राज्यात जालन्याला आले, जालन्याजवळ त्यांनी बेथेल हे गाव वसवले, आणि त्या काळात मराठवाड्यातल्या ज्या दलित कुटुंबांनी प्रभूचा स्वीकार केला त्यांत आमचे पूर्वज होते. हा वारसा आण्णा मोठ्या अभिमानाने सांगत. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, ते कारभार पाहणाऱ्या वडीलजनांपैकी होते. उपासनेत त्यांची प्रार्थना लांब आणि सुंदर असे, आणि शास्त्रातली वचने त्यांना अध्याय-ओवीसकट पाठ होती. घरी मात्र ते जेवायला बसले की कोणी बोलत नसे. आई ताट वाढून दाराच्या चौकटीशी उभी राही आणि त्यांचे जेवण होईपर्यंत तिथून हलत नसे. सख्ख्या धाकट्या भावाशी, म्हणजे माझ्या काकांशी, त्यांचे बोलणे बंद होते. विहीर आजोबांच्या वेळेपासून दोघांची, पण विजेचे मीटर आण्णांच्या नावावर होते. वाटणीच्या भांडणात त्यांनी स्टार्टरच्या पेटीला कुलूप लावले, आणि 2012 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या कितीतरी बागांबरोबर काकांची मोसंबीही उभी वाळली. त्या वर्षी विहिरीला पाणी थोडेच होते, हे खरे. पण जे होते त्यातले काकांच्या वाट्याला काहीच गेले नाही.

आपण आमच्या घरी आलात त्या जखमेसाठी. आण्णांची शुगर जुनी, पायाची संवेदना गेलेली. चपलेतला खिळा तळव्यात रुतला तरी त्यांना कळले नाही, आणि कळले तेव्हा जखम चिघळली होती. मिशन दवाखान्यातून निवृत्त झालेल्या आपण, कोणाकडून एक पैसा न घेता, रोज सकाळी येऊन सलाईनच्या पाण्याने जखम धूत होतात, पट्टी बदलत होतात, त्या पायावर भार टाकू नका म्हणून बजावत होतात. पाय वाचला. त्याबद्दलचे ऋण वेगळेच आहे, पण हे पत्र त्याहून मोठ्या गोष्टीसाठी आहे.

पट्टी झाल्यावर आपण शास्त्रातला एक उतारा वाचत असा. वाचण्याआधी आपण आईला हाक मारून खुर्ची द्यायला लावत होतात आणि ती बसल्याशिवाय पुस्तक उघडत नव्हतात. आमच्या घरात आण्णांसमोर आई खुर्चीवर बसलेली मी प्रथम तेव्हा पाहिली. लूकच्या 15 व्या अध्यायातला, उधळ्या मुलाच्या गोष्टीतला थोरला भाऊ आपण वाचलात, जो शेतातून आला, धाकटा परतल्याचा घरातला आनंद ऐकून रागावला आणि आत जाईना. वाचून झाल्यावर आपण त्यावर एक शब्दही बोलला नाहीत. उपदेश झाला असता तर आण्णांनी त्याला वचनानेच उत्तर दिले असते, कारण वचने त्यांच्याजवळ भरपूर होती.

आपण फक्त प्रश्न विचारत होतात, आणि ते प्रश्न असे असत की त्यांची उत्तरे पुस्तकात सापडत नसत, घरातच शोधावी लागत. एके सकाळी आपण म्हणालात, "आज वहिनींसाठी प्रार्थना करा. पण त्यांना काय हवंय ते आधी त्यांनाच विचारा." आण्णा गप्प झाले. इतक्या वर्षांच्या संसारात हा प्रश्न त्यांनी कधी विचारलाच नव्हता. शेवटी त्यांनी विचारले, आणि आई खाली बघत म्हणाली, "मला माजलगावला भावाकडं जायचंय. चार दिस राहायचंय, सैपाकाची घाई न करता." त्या दिवशी आण्णांची प्रार्थना एका ओळीची झाली. मी त्यांच्या तोंडून ऐकलेल्या प्रार्थनांत ती मला सर्वांत खरी वाटते.

उज्जीवन सभांमध्ये, म्हणजे विश्वास नव्याने जागवणाऱ्या सभांमध्ये, आपण ज्या साक्षी ऐकतो, त्यांत मनुष्य एका रात्रीत पालटतो, आणि तसे होतही असेल. आण्णांचे तसे झाले नाही. आवाज चढायचा, मग ते मध्येच थांबायचे. एखादा आठवडा बरा जायचा आणि पुढच्या आठवड्यात ताट भिरकावले जायचे. मी निराश झालो तेव्हा आपण मला टिळकांच्या घराची आठवण दिलीत: कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 चा, मधली वर्षे मोठ्या ताटातुटीची, आणि तरीही लक्ष्मीबाई आल्या त्या स्वतःच्या विश्वासाने आल्या. "मी तुम्हाला नवे हृदय देईन" असे यहेज्केलच्या 36 व्या अध्यायात देव म्हणतो. ते देणे त्याच्या हातात आहे, आपण त्याला तारीख ठरवून देऊ नये, हे आपले म्हणणे मी धरून ठेवले.

कापणीच्या सणाच्या आधी आपण जकातदार जक्कयाची गोष्ट वाचलीत. ज्यांना फसवले त्यांना चौपट परत देईन असे तो म्हणाला, त्यानंतर प्रभू म्हणाला की आज या घराला तारण प्राप्त झाले आहे. तारण घराला प्राप्त झाले, एकट्या जक्कयाला नव्हे, यावर आण्णा दिवसभर विचार करत होते असे आई सांगते. सणाला मंदिरात न्यायचे ज्वारीचे पोते ओसरीवर तसेच ठेवून ते काठी टेकत काकांकडे गेले. मत्तयाच्या 5 व्या अध्यायात, अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट कर असे जे सांगितले आहे, ते त्यांना लहानपणापासून पाठ होते. काकांनी त्यांना बसायला सांगितले, चहा दिला आणि विचारले, "आता काहून आलास, दादा? बाग तर वाळून गेली." आण्णांनी पेटीची किल्ली पुढे ठेवली आणि ते परतले. काकांचे मन त्या दिवशी वळले नाही, पुढे बरेच दिवस वळले नाही, आणि आण्णांनी त्याबद्दल तक्रार केली नाही. पुढे पाण्याच्या पाळ्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या झाल्या, आणि त्या वर्षीच्या कापसाच्या पैशातून आण्णांनी काकांना मोसंबीची रोपे घेऊन दिली. आज ते दोघे एकत्र बसतात. बोलणे अजून थोडेच असते.

या सगळ्यात एका गोष्टीसाठी मी आपला सर्वांत जास्त ऋणी आहे, आणि ती बाहेरच्यांना फारशी दिसली नाही. आण्णा बदलले असे दिसू लागताच मंडळीतले लोक आईकडे येऊ लागले: आता सगळे विसर, क्षमा कर, प्रभूने एवढे केले त्याची साक्ष दे. त्यांचा हेतू चांगला होता. पण ज्याने दुखवले त्याला देवाने वेळ दिला आणि जिला दुखवले तिला मात्र आम्ही घाई करत होतो, हे फक्त आपल्या ध्यानात आले. आपण त्या बायांना स्पष्ट सांगितलेत की आण्णांचा पश्चात्ताप खरा असेल तर त्याला वहिनींच्या क्षमेची वाट बघता येईल. ते आण्णांनीही ऐकले आणि मान हलवली. त्यानंतर आई आपल्याजवळ पुष्कळ रडली, पुष्कळ बोलली, आणि आपण काही न बोलता ऐकून घेतलेत. पुढे तिने क्षमा केली, तिच्या वेळेने आणि तिच्या पद्धतीने. नेमकी केव्हा, हे तिने आम्हाला सांगितलेले नाही आणि आम्हीही विचारलेले नाही.

माझी मुले आता आजोबांच्या ताटाशेजारी बसून शाळेतल्या गोष्टी सांगतात. त्यांना या घराचे जुने जेवण ठाऊक नाही. हे ज्या देवाने केले त्याचे आभार आम्ही रोज मानतो. पण त्याने ते करताना ज्यांचे हात वापरले त्यांचे आभार मानायला आम्ही फार उशीर लावला, म्हणून हे पत्र.

आई आत्ता माजलगावला आहे. या वेळी आण्णाच तिला एसटीत बसवून आले. ती परतली की आम्ही सर्वजण आपल्याकडे येऊ. आण्णांच्या पायाचे तळवे ते स्वतः रोज आरशात तपासतात, तेही तेव्हा आपल्याला दाखवायचे आहेत.

आपला कृतज्ञ,
आण्णांचा थोरला मुलगा