जत्रेच्या धामधुमीत फोन उचलणाऱ्या साउंडवाल्या दादांना

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आमच्या वाड्यावरच्या देवळात जत्रेच्या नाटकाला साउंड लावणारे तुम्ही, एवढीच आपली ओळख. हेडफोनमधून आवाज नीट येत नाही म्हणून मी फोन केला तेव्हा तुम्ही कुठल्याशा मंडपात माइक टांगत होता. मागे हातोड्यांचा आवाज येत होता. "नंतर करा" म्हणाला असता तरी मला वाईट वाटलं नसतं. तुम्ही म्हणालात, "सांगा ताई, नेमकं काय ऐकू येतं आणि काय येत नाही?" हे पत्र मी सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण तुम्ही जे समजावून सांगितलंत त्याची गरज घरोघरी आहे आणि ते तुमच्या नावावर जमा व्हायला हवं.

माझे बाबा भजनीबुवा होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. अंत्रुज महालातल्या, म्हणजे आपल्या फोंडा भागातल्या, किती देवळांत ते गायले, त्याची नोंद कुणी ठेवली नाही. उरल्या त्या काही कॅसेटी, सप्ताहात कुणीतरी साध्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या. त्या एका दुकानातून कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या आणि मी हेडफोन लावून अभंगांचे शब्द आणि चाली वहीत उतरवायला बसले. काही चाली फक्त बाबांच्याच गळ्यात होत्या. मंडळातल्या मुलांना त्या शिकायच्या आहेत.

हेडफोनमधून ऐकू यायची ती नुसती सरसर. झांजेची किणकिण बारीक यायची, पखवाज कुठेतरी तळाशी, आणि बाबांचा आवाज जवळजवळ नाहीच. ज्याला विचारावं तो म्हणे, पावसाळ्यात गंजली असेल पिन, नवे हेडफोन घ्या. आपल्याकडे मशीन बिघडलं की हवेला दोष देण्याची रीतच आहे, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. खाऱ्या दमट हवेत तांब्या-पितळेवर हिरवं चढतंच. पण तुम्ही ते लगेच मान्य केलं नाहीत. तेच हेडफोन मोबाइलला लावून बघायला सांगितलंत. तिथे आवाज स्वच्छ होता. मग कॉम्प्युटरवर कॅसेट सोडून दुसरं काहीतरी लावायला सांगितलंत. मी घुमट आरती लावली. मुख्य गाणारा गायब, पण घुमट, शामेळ ही तालवाद्यं आणि बाजूचा कोरस बऱ्यापैकी शाबूत. हे सांगताच तुमचा आवाज बदलला. "मधला माणूस जातो आणि कडेचे राहतात ना? मग गंज नव्हे. तुमच्या हेडफोनला अर्थ, म्हणजे प्रवाहाची परतीची तार, मिळत नाही."

त्यानंतर तुम्ही जे सांगितलंत ते मी त्याच संध्याकाळी वहीत लिहून ठेवलं. माझ्या हेडफोनला माइक आहे, म्हणून त्याच्या पिनेवर चार भाग आहेत: टोकाला डावा कान, त्यामागे उजवा, मग अर्थ आणि सर्वांत मागे माइक. जुन्या कॉम्प्युटरचं हिरवं भोक मात्र तीनच भागांच्या पिनेसाठी बनवलेलं, आणि तिथला अर्थाचा पत्रा नेमका माइकच्या भागावर टेकतो. दोन्ही कानांचा परतीचा रस्ता तिथे तुटतो. मग डाव्याचा प्रवाह उजव्यातून जायला बघतो आणि उजव्याचा डाव्यातून. दोघांनी दाराच्या दोन बाजूंनी सारख्याच जोराने ढकललं तर दार हलत नाही. तसा दोन्ही बाजूंना सारखाच असलेला आवाज एकमेकाला मारतो, आणि कानाला उरतो तो फक्त दोन्हींतला फरक. गायकाला रेकॉर्डिंगमध्ये बहुतेक वेळा मधोमध ठेवतात, म्हणजे दोन्हीकडे सारखा. म्हणून आधी तो जातो.

आणि बाबांच्या कॅसेटी तर मोनो, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज. त्यात सगळंच मधोमध. म्हणून तिथे जवळजवळ सगळंच गेलं. टेपची सरसर दोन्ही बाजूंना वेगवेगळी असते म्हणून ती टिकली. कॅसेट वाजवणाऱ्या डेकचं हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, किंचित तिरकं असलं की वरच्या बारीक आवाजात दोन बाजू तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून झांज टिकली. हे ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं दादा. बाबांचा आवाज कॅसेटीवरून पुसला गेला असंच मी धरून चालले होते. तो पुसला गेला नव्हता, पूर्ण होता, आणि पूर्ण असल्यामुळेच नाहीसा होत होता.

खात्री करायला तुम्ही दोन गोष्टी करायला सांगितल्या, दोन्ही बिनखर्चाच्या. वायरवरचं फोन उचलायचं बटण दाबून धरा. ते दाबलं की माइक आणि अर्थ आतल्या आत जोडले जातात. मी दाबलं आणि बाबा कानात आले. सोडलं की गेले. पुन्हा दाबलं. दुसरी गोष्ट म्हणजे आवाजाचा बॅलन्स पूर्ण डावीकडे सरकवा. अर्थ नीट असेल तर उजवा कान गप्प व्हायला हवा. माझ्याकडे दोन्ही कान वाजत राहिले. म्हणजे संशयाला जागाच राहिली नाही.

उपाय म्हणजे एक वीतभर वायर. एका टोकाला चार भागांच्या पिनेचं भोक, दुसऱ्या टोकाला दोन पिना, हिरवी हेडफोनसाठी आणि गुलाबी माइकसाठी. फोंड्याच्या बाजारात मोबाइलच्या सुट्या भागांच्या दुकानात ती मिळाली, नव्या हेडफोनच्या किमतीपुढे अगदीच किरकोळ पैशांत. तुम्ही आधीच बजावलं होतं की दोन भोकं आणि एकच चार भागांची पिन अशी उलटी वायरही मिळते, ती घेऊ नका. काही जुन्या हेडफोनांत तिसरा आणि चौथा भाग उलट असतो, त्यांना ही वायरही चालणार नाही, हेही तुम्ही सांगून ठेवलंत. इतकं पुढचं बघून कोण सांगतं?

दुसरा त्रास वेगळा होता आणि तुम्ही तो पहिल्यात मिसळू दिला नाहीत. बाबा तार सप्तकात गेले की आवाज फाटायचा, ही वायर जोडल्यावरही. शेजारचा मुलगा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरचा आवाज चालवणारं सॉफ्टवेअर, नव्याने टाकू म्हणत होता. तुम्ही विचारलंत, फाटतो तो दर वेळी त्याच शब्दावर फाटतो का? दर वेळी त्याच शब्दावर. मोबाइलवरही तिथेच. "मग कॉम्प्युटरला हात लावू नका, दोष फाइलीत आहे." ऑडॅसिटी या आवाज तपासण्या-कापण्याच्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडून ठेवायला सांगितलंत आणि जत्रा आटोपल्यावर स्वतः येऊन दाखवलंत: लाटांचे माथे सपाट कापलेले. १६ बिटच्या फाइलीत ३२,७६७ च्या वर आकडाच नसतो. त्याहून मोठा आवाज आला की तो तिथेच चिकटतो आणि वरचा भाग कायमचा जातो. कुठलंही बटण तो परत आणत नाही. पण कॅसेटी अजून आपल्याकडे आहेत, हे तुम्ही लगेच आठवण करून दिलंत. तुमच्या डेकचं हेड साफ करून, सगळ्यांत उंच जागाही त्या कमाल मर्यादेच्या ६ डेसिबल खालीच राहील इतका आवाज कमी धरून, तुम्ही पहिली कॅसेट कॉम्प्युटरवर नव्याने भरून दिलीत. आवाज बारीक वाटला तर नंतर वाढवता येतो, कापलेला जोडता येत नाही, हे वाक्य मी आता सगळ्यांना सांगते.

जाता जाता हेडफोनमधली ती बारीक गुणगुणही तुम्ही काढलीत. पिना पुढच्या भोकांतून काढून कॉम्प्युटरच्या मागच्या भोकांत लावल्या आणि ती गेली. त्याबद्दल मी तुम्हाला काही विचारलंही नव्हतं.

दादा, आभार मानायचे ते नुसत्या दुरुस्तीचे नाहीत. तुम्ही एका वेळी एकच गोष्ट बदललीत. प्रत्येक बदलानंतर मला काय ऐकू आलं ते विचारलंत आणि माझ्या कानांवर विश्वास ठेवलात. साठी जवळ आलेल्या बाईला कॉम्प्युटरमधलं काय कळणार, असा सूर एकदाही लागला नाही. मी भजनाच्या घरात वाढले, माझे कान तयार आहेत. पण ते अशा कामात उपयोगी पडतील हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आता मंडळातल्या कुणाच्या हेडफोनमध्ये बिघाड झाला की मी तुमचेच प्रश्न विचारते. एका मुलीचा ब्लूटूथ हेडफोन व्हिडिओवर बोलताना टेलिफोनसारखा व्हायचा. माइक चालू झाला की तो हेडफोन गाणं ऐकण्याची चांगली पद्धत सोडून बोलण्याच्या कमी दर्जाच्या पद्धतीवर जातो, हे तुम्ही सांगितलेलं लक्षात होतं. तिला कॉम्प्युटरचा स्वतःचा माइक निवडायला सांगितला आणि तिचं काम झालं.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. बुवांचं काम आहे म्हणालात. त्यावर मी वाद घालत नाही, पण या वर्षीच्या जत्रेत नाटकाच्या आधीचं जेवण तुमचं आणि तुमच्या मुलांचं आमच्याकडे, हे आत्ताच सांगून ठेवते.

शब्द उतरवून झालेल्या अभंगांची वही मंडळाकडे दिली आहे. नव्याने भरलेल्या फाइली पेन ड्राइव्हवर घालून तुमच्यासाठी ठेवल्या आहेत. अजून एक कॅसेट आहे, तिची फीत आत चिकटली आहे आणि चाक फिरत नाही. ती मी उघडून बघू नये असं वाटतं. तुमच्या सवडीने कधी घेऊन येऊ, तेवढं कळवा.

आपली कृतज्ञ,
बुवांची मुलगी
फोंडा, गोवा