सूचना : घरचा स्टँडबाय जनरेटर ऐनवेळी सुरू व्हावा म्हणून

सर्व सभासदांना नमस्कार,

ज्यांच्याकडे संपूर्ण घरासाठी जनरेटर आहे त्यांनी या आठवड्यात बॅटरी तपासून घ्यावी. जनरेटर सुरू न होण्याचं सर्वांत नेहमीचं कारण बॅटरीच असतं. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड दिसली तर ती साफ करून घ्या. बॅटरी तीन वर्षांहून जुनी असेल तर लाइट जाण्याची वाट न पाहता बदला.

दर आठवड्याला आपोआप होणारी चाचणी बहुतेक वेळा लोडशिवाय, म्हणजे घरातली उपकरणं जनरेटरवर न चालवता होते. इंजिन धडधडलं म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका. महिन्यातून एकदा घराचा लोड टाकून अर्धा तास तरी चालवा. डिझेल इंजिन सतत कमी लोडवर चाललं तर न जळलेलं इंधन आणि काजळी एक्झॉस्टमध्ये साचते. ऑइल आणि फिल्टर मॅन्युअलप्रमाणे बदला. नव्या इंजिनचं पहिलं ऑइल लवकर बदलावं लागतं.

नवीन बसवणाऱ्यांना कळकळीची विनंती : चेंजओव्हर स्विचशिवाय (घर एका वेळी बाहेरची लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकालाच जोडणारा स्विच) जोडणी करू नका. जनरेटरची वीज उलटी लाइनमध्ये गेली तर खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव जाऊ शकतो. काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

धूर खिडकीकडे येणार नाही अशी जागा निवडा. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, त्यामुळे घरात त्याचा अलार्म हवाच. झोपायच्या खोलीजवळ तर नक्की लावा.