जिममधल्या काकींना

प्रिय काकी,

समोर बोलायला गेले की मला रडू येतं आणि तुम्ही "पुरे गो आता" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, तेही सगळ्यांना वाचता येईल असं.

मार्चमध्ये तीन दिवस मी जिमच्या जिन्याखाली स्कूटर लावून परत गेले होते. वरून प्लेटींचा आवाज यायचा आणि पोटात गोळा यायचा. मग भाट्याच्या पुलावरून चक्कर मारायची आणि घरी सांगायचं, जाऊन आले. त्याआधी एका दुसऱ्या जिममध्ये ट्रेडमिलवर माझी धडधड वाढली, हातपाय गार पडले, वाटलं आता संपलं. कशीबशी उतरले, तर मागे दोघं हसत होते. ईसीजी, थायरॉईड, हिमोग्लोबिन सगळं नॉर्मल निघालं. डॉक्टर म्हणाले, पॅनिक अटॅक होता, व्यायाम बिनधास्त करा. पण जिना कोण चढणार?

चौथ्या दिवशी तुम्ही जिन्यात भेटलात. "चढत्येस की उतरत्येस?" मला उत्तर देता येईना. तुम्ही हातातली पिशवी माझ्याकडे दिलीत, "ही वर घे बघू, माझा गुडघा दुखतोय." पिशवी घेऊन मी वर आले. खाऱ्या वाऱ्याने गंजलेल्या डंबेल्सचा लालसर डाग त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या तळहाताला लागला. घरी जाऊन तो लगेच धुवावासा वाटला नाही.

"घाबरू नकोस" असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. त्याचे तर विशेष आभार, कारण ते ऐकून ऐकून मी थकले होते. तुम्ही माझी दोन बोटं माझ्याच मनगटावर ठेवलीत. पाच मिनिटं सायकल, मग पंधरा सेकंदांचे ठोके मोजून गुणिले चार. 132. नुसतं बसून राहायचं, दोन मिनिटांनी परत मोजायचं. 104. धडधड माझ्याच पायांनी वाढली होती आणि थांबल्यावर आपली आपण उतरत होती. हे डोळ्यांसमोर घडताना बघणं म्हणजे काय, ते ज्याला ती भीती ठाऊक आहे त्यालाच कळेल. पुढे डॉक्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले की पॅनिकच्या उपचारातही मुद्दाम अशी धडधड वाढवून मनाला तिची सवय करून देतात. तुम्ही हे कुठे शिकलात, काकी?

ट्रेडमिलचंही तसंच. लाल दोरीचा चिमटा कुर्त्याला लावून तुम्ही मला ती तीन वेळा ओढायला लावलीत. तिन्ही वेळा पट्टा थांबला. चौथ्यांदा मी सात मिनिटं चालले.

आठवड्याला किमान 150 मिनिटं आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, हा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा मी कागदावर लिहून आणला होता. तुम्ही कागद घडी करून माझ्याच पर्समध्ये घातलात. "आज दहा कर." नंतर मी नीट वाचलं, तर त्यांनीही 2020 मध्ये स्पष्ट लिहिलंय की काहीच न करण्यापेक्षा थोडा व्यायामही बरा.

आता खरं कारण. गेल्या आठवड्यात ट्रेनरदादा बोलता बोलता म्हणाले, तुमची वेळ कायम सकाळी सहाची. म्हणजे एप्रिल-मेच्या त्या घामट दुपारी, दुखऱ्या गुडघ्याने, मांडवीहून रिक्षा करून तुम्ही दुपारच्या लेडीज बॅचला येत होतात ते माझ्यासाठी. आणि मला सांगायचात, "सकाळी जाग येत नाही गो."

काकी, सोमवारपासून मी सकाळी सहाला येणार आहे. तेव्हा मुलं असतात, गर्दी असते, भीती वाटतेच आहे. पण येणार. तुम्ही आता तुमच्या वेळेला या. पिशवी मी खालूनच घेईन.

तुमचीच,
जिन्यातली मुलगी