जुन्या लाकडी बोटीला फायबरचे कवच नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुनी शिडाची बोट विकत घेऊन दुरुस्त करू पाहणाऱ्यांसाठी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख आवडीने वाचला. त्यातील बहुतेक सूचना उपयुक्त आहेत. मात्र सांध्यांतून पाणी झिरपत असेल तर संपूर्ण बुडावर फायबर ग्लासचे कवच चढवावे, हा सल्ला वाचून राहवले नाही. अशी बोट घेण्याची इच्छा मी वीस वर्षे मनात जपली होती आणि ती हाती आल्यावर जवळपास हीच चूक माझ्या हातून घडली.

शेजारी शेजारी फळ्या लावून त्या आतल्या बरगड्यांवर बसवलेले बूड एकसंध नसते. लाकूड पाण्यात फुगते व कोरड्या हवेत आकसते. हा फरक फळीच्या लांबीत नगण्य, पण रुंदीत चांगलाच जाणवतो. जुन्या कारागिरांनी हा स्वभाव ओळखूनच सांधा घडवला आहे. आतल्या बाजूला फळ्या एकमेकींना टेकलेल्या, बाहेरच्या बाजूला किंचित उघडी खाच, त्या खाचेत ठोकून बसवलेला सुताचा पीळ आणि वर मऊ राहणारे लुकण. बोट पाण्यात उतरली की फळ्या फुगून सुताला दाबतात आणि सांधा मिटतो. म्हणूनच बराच काळ जमिनीवर राहिलेली बोट पहिले काही दिवस गळते. तेवढे दिवस पंप हाताशी ठेवून धीर धरावा लागतो.

मी धीर धरला नाही. दोन उन्हाळे शेडमध्ये सुकलेल्या माझ्या बोटीच्या सांध्यांत नाणे शिरत होते. त्या फटी मी दगडासारख्या कडक होणाऱ्या इपॉक्सीने काठोकाठ भरल्या. पाण्यात उतरवल्यावर फुगणाऱ्या फळ्यांना जागाच उरली नाही आणि चौथ्या दिवशी, बुडाला जिथे सर्वांत जास्त वळण आहे तिथे, तीन बरगड्या मोडलेल्या आढळल्या. तांब्याच्या रिव्हेटांची डोकी लाकडात रुतली होती. नव्या बरगड्यांसाठी लाकूड वाफेच्या पेटीत ठेवावे लागले, जाडीच्या दर इंचाला साधारण एक तास या हिशेबाने. आणि पेटीतून काढलेली बरगडी मिनिटाभरात वाकवून शिकंज्यात आवळावी लागते, कारण थंड झाली की ती वळत नाही. फळ्यांच्या हालचालीला विरोध केला की काय होते, हे मी तेव्हा हातांनी शिकलो.

फायबरचे कवचही हाच विरोध करते. प्लायवूडच्या किंवा चिकटवून एकसंध केलेल्या बुडावर ते उत्तम बसते, हे मान्यच आहे. पण सुट्या फळ्या खाली हलत राहिल्या की ते कालांतराने सुटते आणि त्यामागे पाणी अडकते. सागासारख्या तेलकट लाकडावर तर फायबरचे कापड चिकटवणारे साधे पॉलिस्टर रेझिन मुळातच नीट धरत नाही. त्याहून वाईट म्हणजे आतली कूज दिसेनाशी होते. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला साधारण वीस टक्क्यांहून अधिक ओलावा लागतो आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा डेकच्या फटींतून उतरणारे पावसाचे गोडे पाणी तिला अधिक मानवते. त्यामुळे बोट विकत घेताना बुडाइतकेच डेकच्या कडेखाली व बरगड्यांच्या टोकांशी लाकडावर टिचकी मारून, शंका आली तिथे मालकाच्या परवानगीने आरी टोचून पाहावी. आवाज बद्द आला किंवा आरी सहज आत गेली, तर किंमत ठरवण्याआधी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी. कवचाखालच्या लाकडाची अशी परीक्षा बाहेरून घेताच येत नाही.

आपल्या लेखामुळे नव्याने बोट घेणारे अनेक वाचक येत्या हंगामात कामाला लागतील. त्यांनी रेझिनचे डबे आणण्यापूर्वी सुट्या फळ्यांच्या बोटीसंबंधीचा हा खुलासा त्याच पुरवणीत ठळकपणे छापावा, ही आग्रहाची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक